फोटो फाटला कुठे? साताऱ्यातल्या २४ प्रिंटांचं प्रकरण

कोजागरीला नऊ दिवस उरले होते. अण्णांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, बारा-अठरा इंचांच्या प्रिंटांची जाडजूड गुंडाळी माझ्या टेबलावर ठेवली, रबर काढलं आणि म्हणाले, "सूनबाई, बघ गं. सगळे फाटलेत."

फोटो 'फाटणं' हा शब्द ते माझ्याकडूनच शिकले. मी साताऱ्यात अठरा वर्षं डीटीपीचं काम केलं. लग्नपत्रिका, दुकानांच्या पाट्या, वाढदिवसाचे फ्लेक्स. गिऱ्हाईक मोबाइलवर आलेला नखाएवढा फोटो घेऊन यायचं आणि "दहा बाय आठवर टाका, ताई" म्हणायचं. तो मोठा केला की कडा दातेरी व्हायच्या, गालावर चौकोनी ठिगळं उमटायची. धंद्यात यालाच फोटो फाटला म्हणतात. इथे तर दहा फूट नव्हे, अवघे अठरा इंच होते आणि तरीही फाटले होते.

प्रकरण असं. रोज पहाटे अजिंक्यताऱ्यावर चढणारा १४ जणांचा एक कट्टा आहे. सगळ्यात धाकटे काका ६२ वर्षांचे, सगळ्यात मोठ्या काकी ८१ च्या. वर मंगळाईचं दर्शन, तटावर दहा मिनिटं बसणं, उतरताना चहा. पावसाळाभर प्रत्येकाने फोनवर फोटो काढले आणि कोणाच्या तरी डोक्यात आलं, की कोजागरीला देवळाच्या सभागृहात दूध आटेपर्यंत लोकांना आपला सातारा दाखवावा. २४ फोटो निवडले: किल्ल्यावरून दिसणारं शहर, मंगळवार तळं, राजवाड्याजवळची भाजीवाली आजी, संगम माहुलीचे घाट, लिंबची बारा मोटेची विहीर, कासची फुलं. सगळे फोटो कट्ट्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जमा केले, तिथून एका पेनड्राइव्हवर घेतले आणि छापायला दिले. लॅबने जे मिळालं ते छापलं. त्यात त्यांची चूक काहीच नव्हती.

कट्ट्यावर निदान तयारच होतं. आपले फोन जुने. कोणाच्या तरी नातवाने सांगितलं होतं, की २०० मेगापिक्सेलचा फोन घ्या, मग बघा. वर्गणीची वही निघाली होती. मी अण्णांना म्हटलं, "दोन दिवस थांबा. वर्गणी दुधाला लागेल."

प्रिंटा मी दिवाणखान्यात फरशीवर पसरल्या आणि दोषाप्रमाणे गठ्ठे करायला घेतले. गठ्ठे काही नीट पडेनात, कारण एकेक प्रिंट दोन-दोन गठ्ठ्यांत बसत होती. पण सगळ्यात मोठा गठ्ठा कोणता याबद्दल शंका उरली नाही.

फाईल वाटेतच आटली

पेनड्राइव्ह लॅपटॉपला लावून फाईलींची मापं पाहिली. जवळपास सगळ्या १६०० बाय १२०० पिक्सेलच्या, म्हणजे ठिपक्यांच्या. एका काकांच्या फोनमधला मूळ फोटो उघडून पाहिला, तर तो ४००० बाय ३०००. म्हणजे १ कोटी २० लाख ठिपक्यांपैकी (१२ मेगापिक्सेल) ग्रुपवर पोचले १९ लाख. साधा फोटो पाठवला की व्हॉट्सॲप तो आटवून पाठवतं. डेटा वाचावा, पटकन पोचावा म्हणून ती सोय आहे आणि फोनच्या पडद्यावर फरक कळतही नाही. तो कळतो कागदावर. १६०० ठिपके १८ इंचांत पसरले की इंचाला ८९ येतात. मूळ फाईलचे ४००० ठिपके तेवढ्याच जागेत इंचाला २२२. लॅबवाले ३०० मागतात ते हातात धरून बघायच्या फोटोसाठी. भिंतीवरचा फोटो चार फुटांवरून बघतात, तिथे १५० सुद्धा चालतात. तेव्हा कट्ट्यावरचे 'जुने' फोन या कामाला पुरून उरत होते.

२०० मेगापिक्सेलचं कोडंही इथेच सुटतं. असा फोन नेहमीच्या मोडमध्ये सेन्सरवरचे सोळा-सोळा ठिपके एकत्र करून एक बनवतो आणि हातात साडेबारा मेगापिक्सेलचाच फोटो देतो. ५० मेगापिक्सेलवाले चार-चार एकत्र करतात, तेही साडेबारालाच येतात. कमी उजेडात याचा फायदा होतो, हे खरं. पण तो नवा फोनही त्याच ग्रुपवरून फोटो पाठवणार आणि पुन्हा १६०० बाय १२०० हाती येणार!

मग एका संध्याकाळी सगळ्यांना फोन आणि चार्जिंगची केबल घेऊन घरी बोलावलं. केबल जोडून फोनमधल्या कॅमेऱ्याच्या फोल्डरमधून थेट लॅपटॉपवर कॉपी करणं हा सगळ्यात सरळ मार्ग. ज्या दोघी येऊ शकल्या नाहीत त्यांना व्हॉट्सॲपवरच, पण गॅलरीचं चित्र न दाबता 'डॉक्युमेंट' दाबून फोटो पाठवायला सांगितलं. तसा पाठवला की फाईल जशीच्या तशी येते. २०२३ पासून एचडी नावाचं बटणही आहे. साध्यापेक्षा ते बरं, पण छपाईसाठी मी त्यावर विसंबत नाही. एका काकूंच्या आयफोनमधले फोटो हाइक (HEIC) या फाईलप्रकारातले निघाले. लॅबच्या जुन्या संगणकावर ते उघडत नाहीत म्हणून जेपेगमध्ये बदलून घेतले. आणि बँकेतून निवृत्त झालेल्या काकांचा संगम माहुलीचा फोटो, ज्याची सगळ्यात जास्त वाहवा झाली होती, तो त्यांच्याच स्टेटसचा स्क्रीनशॉट निघाला. वर कोपऱ्यात बॅटरी ३४ टक्के दिसत होती. प्रिंटमध्येसुद्धा.

त्या संध्याकाळी २४ पैकी २३ फोटोंच्या मूळ फाईली मिळाल्या. न मिळालेल्या एकाबद्दल पुढे सांगते.

विहिरीची कमान कोणी कापली?

लिंबच्या विहिरीच्या फोटोत वरची कमानच नव्हती. फोटो काढणारे काका संतापले होते, "मी पूर्ण घेतली होती!" त्यांनी घेतलीच होती. फोनचा फोटो चारास तीन असतो आणि बारा-अठराचा कागद तीनास दोन. हा फोटो १८ इंच रुंद केला की उंची साडेतेरा होते, कागद बाराचाच, मग दीड इंच कुठून तरी जाणार. मशीनला कमान आणि कठडा यातला फरक कळत नाही. उपाय दोन. काढतानाच वर-खाली थोडी मोकळी जागा ठेवायची, किंवा बारा-सोळा छापून दोन्ही बाजूंना पांढरी पट्टी सोडायची. आम्ही दुसरा धरला.

पण या फोटोत दुसरंही दुखणं होतं. ही विहीर अठराव्या शतकाच्या सुरुवातीची, वीरूबाई भोसले यांनी बांधलेली. वरून पाहिली की शिवलिंगासारखी दिसते. पायऱ्या उतरून आत गेलं की अंधाऱ्या दगडी वाटेतून समोर उजळलेला विहिरीचा गोल दिसतो. डोळ्याला दोन्ही दिसतं. फोनला मात्र दोन्ही सांभाळताना धाप लागते. काका भर दुपारी बाराला गेले होते, त्यामुळे पाणी पांढरं फटक आणि दगड काळा ठिक्कर.

कोजागरीच्या आदल्या रविवारी जीप करून चौघं पुन्हा गेले. मी फक्त तीन गोष्टी सांगून धाडलं होतं. सकाळी नऊच्या आत पोचा, ढग असतील तर नशीब समजा. पडद्यावर उजळ भागावर बोट टेकवा, आणि शेजारी सूर्याचं चिन्ह येईल ते किंचित खाली ओढा. काळोख नंतर थोडा उजळता येतो, पण एकदा पांढरं पडलेलं पाणी परत मिळत नाही. आणि ०.५ लिहिलेल्या रुंद लेन्सचा मोह टाळा. जास्त मावतं खरं, पण कडेचे सरळ खांब कलंडतात आणि त्या लेन्सचा दर्जाही बहुतेक फोनांत मुख्य लेन्सपेक्षा उणाच असतो. काका एकाच जागेवरून सात फोटो घेऊन आले. चौथा लावला.

पहाटेचे फोटो

किल्ल्यावरच्या पहाटेच्या फोटोंत शहरातले दिवे रेघांसारखे फाकलेले होते आणि सगळ्यावर दुधी साय. कॅमेरा बिघडला असं काका म्हणाले. मी फोन उलटा करून लेन्सवर बोट फिरवलं. तेलकट. चढण चढताना घाम, वर डोक्याला चोपडलेलं खोबरेल, त्याच हाताने फोन धरायचा. सदऱ्याच्या आतल्या कोरड्या, स्वच्छ टोकाने पुसला आणि खिडकीतून तोच रस्त्यावरचा दिवा पुन्हा काढला. काकांनी दोन्ही फोटो एकाखाली एक धरून पाहिले आणि मग खोलीतल्या प्रत्येकाचा फोन मागून घेऊन पुसायला सुरुवात केली. माझ्या अठरा वर्षांच्या अनुभवातलं सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात विसरलं जाणारं काम हेच.

८१ वर्षांच्या काकींचे हात कापतात. त्यांची नजर मात्र कट्ट्यावर सगळ्यात चांगली. तटाच्या फटीतून उगवलेलं पिंपळाचं रोप त्यांनीच टिपलं होतं, फक्त हललेलं. त्यांना तीन सेकंदांचा टायमर लावून दिला. फोन तटाच्या दगडावर टेकवायचा, टायमर दाबायचा आणि हात काढून घ्यायचा. बटण दाबतानाच सगळ्यात जास्त हलतं, ते टळतं. आठवड्याभरात काकी तटावर रुमालाची घडी ठेवून तिच्यावर फोन उभा करायला शिकल्या होत्या. ही युक्ती मी सांगितलेली नाही.

जरंडेश्वराच्या बाजूला सूर्य वर येताना झूम करून काढलेले चार फोटो होते, आठपट-दहापट. ते मी सरळ बाजूला काढले. आमच्या फोनांत एवढं झूम म्हणजे मधला तुकडा कापून ताणलेला असतो. तो ग्रुपवर न पाठवताच फाटलेला.

आजीच्या सुरकुत्या

राजवाड्याजवळच्या भाजीवाल्या आजीच्या फोटोवरून कट्ट्यावर थोडं वाजलं. तो 'गोड' आला आहे, असं चार जणांचं मत. मला तो बघवेना. आजीचं वय पंच्याहत्तरच्या पुढचं आणि गाल लग्नाच्या अल्बममधल्या नवरीसारखे. फोनमधलं सौंदर्याचं सेटिंग चालू राहिलं होतं, त्याने सुरकुत्यांना इस्त्री केली होती. वर पोर्ट्रेट मोडने मागचं धूसर करताना तराजूची साखळी अर्धी खाऊन टाकली होती आणि पदराची कड कात्रीने कापल्यासारखी दिसत होती.

आधी आजींना विचारलं का, हे मी विचारलं. नव्हतं विचारलं. मग अण्णा स्वतः गेले, भिंतीवर लावणार आहोत असं सांगितलं. आजी म्हणाल्या, "लावा की. पण माझी भाजी दिसू द्या." त्यामुळे नव्या फोटोची चौकट आपोआप ठरली. डोक्यावरचं ऊन टाळून ताडपत्रीच्या सावलीत, बाजूने येणाऱ्या उजेडात, सौंदर्य बंद, पोर्ट्रेट बंद. चेहऱ्याजवळ फोन नेला की नाक मोठं आणि कान मागे गेलेले दिसतात, म्हणून तीन पावलं मागे उभं राहून २x. आमच्या फोनांत तेवढ्या झूमने फारसं बिघडत नव्हतं. समोर मेथीच्या जुड्या आल्या, तराजू आला, आणि कपाळावरची प्रत्येक रेघ आली.

कासला उलट प्रश्न. २०१२ पासून जागतिक वारशात असलेल्या पश्चिम घाटाच्या यादीतलं ते पठार. तिथे वाट सोडून फुलांत शिरायचं नाही, शिरूही नये. सीतेची आसवं हे फूल नखाएवढं, जांभळं. काकूंनी मॅक्रो, म्हणजे अगदी जवळून काढायचा मोड लावून, वाटेच्या कडेला वाकून सुरेख काढलं होतं. मूळ फाईल केबलने घेतली तरी माप १६०० बाय १२००! मी चक्रावले. मग लक्षात आलं, त्यांच्या फोनातली मॅक्रोची लेन्सच २ मेगापिक्सेलची. स्वस्त फोनांत लेन्सांची संख्या वाढवायला अशी एक बसवलेली असते. मुख्य लेन्सने वीतभर लांबून काढून नंतर कापलं असतं तर यापेक्षा जास्त ठिपके मिळाले असते. आता कासचा हंगाम ओसरत होता, पुन्हा काढायला वेळ नव्हता.

कागद, भिंत आणि निळा ऑइलपेंट

मोठ्या प्रिंटा थेट काढायच्या नाहीत, असं ठरवून आधी सहा फोटो चार-सहाच्या मापात छापून आणले. सगळे पडद्यापेक्षा काळपट. हे होणारच. पडदा स्वतः उजळतो, कागदाला खोलीतल्या उजेडावर भागवावं लागतं. लोक फोनची ब्राइटनेस पूर्ण ठेवून फोटो सुधारतात, आणि तिथे छान दिसला म्हणून थांबतात. मी ब्राइटनेस निम्मी केली, फोन पांढऱ्या कागदाशेजारी धरला, आणि मग प्रत्येक फोटो थोडा उजळला. दुसरं म्हणजे किल्ल्यावरची नारिंगी पहाट लॅबच्या यंत्राने आपोआप 'सुधारून' दहा वाजताच्या उन्हासारखी पांढरी केली होती. पाकिटावर मोठ्या अक्षरांत लिहून दिलं: रंग सुधारू नका.

कोजागरीच्या आदल्या दिवशी सभागृहात गेलो आणि माझा उत्साह मावळला. भिंतींना आकाशी ऑइलपेंट, चकाकणारा. छताला दोन लांब ट्यूबलाइट. आणि मंडपवाल्याने शोभेसाठी गुलाबी-पिवळं कापड बांधलेलं, ज्यातून येणाऱ्या संध्याकाळच्या उजेडात आजी कावीळ झाल्यासारख्या दिसल्या. कापड सोडवून घेतलं, आणि मंडपवाला आमच्याकडे नवल करत बघत राहिला. भिंतीपुढे दोऱ्या ताणून साध्या पांढऱ्या चादरी सोडल्या. काचेच्या फ्रेमा कट्ट्याला हव्या होत्या, 'भारदस्त' दिसतात म्हणून. एका फ्रेमेत फोटोपेक्षा ट्यूबलाइटच ठळक दिसते हे प्रत्यक्ष दाखवल्यावर विषय संपला. प्रिंटा मॅट, म्हणजे न चकाकणाऱ्या कागदावर, पाच मिलिमीटरच्या सनबोर्डवर (फोमचा हलका बोर्ड) चिकटवलेल्या.

उंचीबद्दल मी हट्ट धरला. आपल्याकडे फोटो छताच्या कडेला टांगायची खोड आहे, कदाचित देवांच्या आणि गेलेल्या माणसांच्या तसबिरींमुळे. संग्रहालयांत फोटोचा मध्य साधारण १४५ ते १५० सेंटिमीटरवर ठेवतात. आमच्या प्रेक्षकांत आज्या जास्त, म्हणून आम्ही १४० धरला. दोन फोटोंत हातभर अंतर. खाली ओळभर मजकूर, चश्मा न लावता वाचता येईल एवढा.

आणि २४ चे १७ केले. हे सगळ्यात अवघड गेलं. प्रत्येकाचा निदान एक तरी राहील, एवढं वचन द्यावं लागलं. तळ्याचे चार फोटो होते, एक ठेवला. गळलेले सात टीव्हीवर फिरत ठेवा, अशी तडजोड झाली. त्यातले उभे फोटो आडव्या टीव्हीवर फितीसारखे दिसत होते आणि दूध घ्यायला आलेली पोरंच काय ती त्यांच्यापुढे उभी होती.

कासचं फूल आणि न मिळालेली फाईल

आता तो चोविसावा फोटो. निवृत्त पोस्टमास्तर काकांनी भाद्रपदात तटावरून काढलेला: खाली सगळं शहर धुक्यात बुडालेलं, वर फक्त दोन-तीन इमारतींची टोकं आणि त्यांच्यावर पहिलं ऊन. २४ मधला सर्वांत चांगला, यावर वाद नव्हता. आणि त्याचीच मूळ फाईल नव्हती. फोन भरला म्हणून काकांनी ग्रुपवर टाकलेले सगळे फोटो फोनमधून पुसले होते. "ग्रुपवर आहे ना, मग घरात दुसरा कशाला?" पोस्टात चाळीस वर्षं काढलेल्या माणसाने पोच मिळाली की मूळ प्रत फाडली, असं अण्णा त्यांना चिडवत होते. फोनचा कचरापेटीचा फोल्डर पाहिला. तीस दिवस उलटून गेले होते.

हातात होते १६०० बाय १२०० ठिपके. बारा-अठरा छापला तर फाटणार. तेव्हा तो छापलाच आठ-सहा इंचांत, इंचाला २०० ठिपके, काचेसारखा स्वच्छ. आणि बारा-अठराच्या कोऱ्या पांढऱ्या बोर्डाच्या मधोमध चिकटवला, चारी बाजूंनी रुंद पांढरं सोडून. सीतेच्या आसवांनाही तीच वागणूक दिली. काकूंना आधी वाटलं, आपला फोटो लहान केला. कोजागरीला मात्र या दोन बोर्डांपाशी गर्दी अडत होती. मोठ्या फोटोंपासून लोक चार पावलं लांब उभे राहायचे, या दोघांपाशी हातातला दुधाचा पेला सांभाळत वाकायचे. भाजीवाल्या आजी नातीला घेऊन आल्या, स्वतःच्या फोटोपुढे उभं राहून मेथीच्या जुड्या मोजल्या, "सहा आहेत" म्हणाल्या आणि निघाल्या. तो बोर्ड दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडे पोचता केला.

पोस्टमास्तर काकांना तो फोटो मोठा हवाच आहे. कोजागरीनंतर ते सलग बारा पहाटे त्याच जागी, तटाच्या त्याच दगडापाशी गेले. लेन्स पुसलेली, टायमर लावलेला. आकाश बाराही दिवस निरभ्र. थंडी पडल्यावर धुकं उतरेल असं ते म्हणतात. फोनमधला सुनेच्या भिशीचा आणि सुप्रभातचा ढीग मात्र त्यांनी माझ्याकडून पुसून घेतलाय, आणि जागा किती मोकळी झाली ते वहीत लिहून ठेवलंय: ११ जीबी.